आगळाची बाटली केवढ्याला? घरचा माल पहिल्यांदा विकायला काढणाऱ्यांसाठी

मुंबईतल्या एका सोसायटीच्या आवारात भरलेलं प्रदर्शन होतं, माझं पहिलंच. टेबलावर आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट अर्काच्या, चोवीस बाटल्या, आमसुलांची पाकिटं आणि थोडी फणसपोळी मांडून मी उभी होते. एक बाई आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरून रंग पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला?" मी म्हटलं, "साठ रुपये. पण पन्नासला देईन."

त्यांनी कमी करायला सांगितलंच नव्हतं. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "का हो, गेल्या वर्षीचा माल आहे का?" बाटली खाली ठेवून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

माल त्याच मे महिन्यातला होता. शंका त्यांच्या मनात नव्हती, ती मी घातली. त्यानंतरच्या आठ हंगामांत मी जे शिकले ते आमच्या आणि शेजारच्या वाडीतल्या बायकांना तोंडी सांगत आले, आता लिहून काढते आहे. उदाहरणं कोकमाची आहेत, कारण मला तेच नीट येतं. तुम्ही कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, लोणचं, सांडगे असं काहीही करत असाल तर रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, जागी तुमची वस्तू धरून वाचा.

आधी आपल्याच घरात बघा

सिंधुदुर्गातल्या बहुतेक घरांमागे रातांब्याचं एखादं तरी झाड असतं. ते कुणी लावलं हे घरातल्या कुणालाच आठवत नाही. एप्रिल-मेमध्ये फळं पिकतात, पाऊस लागायच्या आत ती उतरवून फोडायची, सोलं, म्हणजे फळाची सालं, वाळवायची, बिया बाजूला टाकायच्या. लहानपणापासून हे बघत आल्यामुळे त्यात विकण्यासारखं काही आहे असं मनातच येत नाही. "त्यात काय, घरचंच तर आहे," असं आपण म्हणतो, आणि किंमत विचारली की जीभ अडखळते ती तिथेच.

बियांचंच बघा. आमच्याकडे बिया पोत्यात भरून ठेवतात, व्यापारी येतो आणि तो म्हणेल त्या भावाने घेऊन जातो. माझ्या सासूबाई मात्र दरवर्षी थोड्या बिया राखून ठेवायच्या. त्या कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेला स्नेह, म्हणजे तेलकट अंश, काढायचा आणि थंड होत आला की मुठीत दाबून गोळे करायचे. हेच मुठेल, कुणी भिरंडेलही म्हणतं. थंडीत टाचांना भेगा पडल्या की तो गोळा चुलीजवळ जरा ऊब देऊन चोळायचा. याच स्नेहाला शहरात कोकम बटर म्हणतात. ते ओठांना लावायच्या मलमात, क्रीममध्ये आणि साबणात जातं. मधल्या माणसांनी ते शुद्ध केलं, वास काढला, डबीत भरलं, त्याचा खर्च आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. पण त्या डबीच्या मुळाशी असलेली वस्तू काय कामाची आहे हे आमच्या आजेसासूबाईंनाही ठाऊक होतं. पैसे मोजून ती घेणारं माणूस कुठेतरी असेल, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिलं काम असं करा. एक वही घ्या. एकच वस्तू निवडा आणि ती करताना तुमचे हात जे जे करतात ते सगळं ओळीने लिहा. "आमसुलं वाळवते" एवढ्यावर थांबू नका. माझी यादी अशी झाली होती: झाडावर पूर्ण पिकलेली फळंच उतरवते, खाली पडून फुटलेली घेत नाही. धुऊन पुसते. फोडून बी आणि गर वेगळा करते. गराच्या रसात मीठ घालते. सालं त्या रसात बुडवून ठेवते, दुसऱ्या दिवशी उन्हात घालते. संध्याकाळी उचलून पुन्हा रसात. असं पुट पाच-सहा वेळा देते, सालं काळपट होऊन मऊ राहीपर्यंत. ढग आला की धावत जाऊन उचलते. खळ्यात जमिनीवर न वाळवता बांबूच्या माचावर स्वच्छ धोतर अंथरून वाळवते.

लिहून झाल्यावर ही वस्तू खाणाऱ्या तीन माणसांना विचारा: एक गावातलं, एक शहरात गेलेलं, एक अगदी परकं. "आवडलं का?" असं विचारू नका. त्यावर सगळे होच म्हणतात. "तुम्ही हे माझ्याकडून का घेता?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मला ठाण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी सांगितलं, "तुमच्या आमसुलांत कचकच लागत नाही." वाळू! माचावरच्या त्या धोतराची किंमत मला त्या वाक्याने कळली. मी ते फक्त सासूबाईंची शिस्त म्हणून करत होते, कुणाला कधी सांगितलंही नव्हतं. आता माझ्या पाकिटावर पहिली ओळ तीच आहे: "जमिनीवर नाही, माचावर कापड अंथरून वाळवलेली."

मग हिशेब, पूर्ण हिशेब

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण आत्मविश्वास इथूनच येतो. आरशासमोर उभं राहून "माझा माल चांगला आहे" म्हटल्याने माझा तरी कधी आला नाही. बाटलीला किती खर्च येतो हे पक्कं ठाऊक झालं त्या दिवसापासून माझा आवाज बदलला.

उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या वहीतले आकडे तुम्ही घाला. ४० किलो रातांब्यांचं आगळ केलं. आगळ म्हणजे रातांब्याचा मिठात सुटलेला अर्क. त्यात साखर नसते, मीठ आणि आंबटपणा यांवरच ते टिकतं. आठवडाभर रोज ढवळून, गाळून समजा २० लिटर मिळालं, म्हणजे अर्ध्या लिटरच्या ४० बाटल्या. त्यांतल्या दोन गळतात, फुटतात किंवा चव बघायला जातात. विकायला उरल्या ३८.

मी सुरुवातीला हिशेब करायचे तो असा: मीठ १२० रुपये. बाटली, झाकण आणि लेबल मिळून १८ रुपयांप्रमाणे ४० बाटल्यांचे ७२०. पाणी, वीज, गाळायची फडकी १००. रिकाम्या बाटल्या आणायचं आणि भरलेल्या पाठवायचं भाडं ३००. एकूण १२४०. भागिले ३८, म्हणजे बाटलीमागे जेमतेम ३३ रुपये. साठला विकली की २७ सुटले! मी खूश होते.

यात दोन गोष्टी नव्हत्या. पहिली, रातांबे. ते परसातले म्हणून मी शून्य धरले होते. पण तेच रातांबे व्यापारी दारातून ३० रुपये किलोने न्यायला तयार असेल, तर ४० किलोंचे १२०० रुपये मी सोडून दिलेले असतात. ते खर्चात यायलाच हवेत. दुसरी, माझे तास. उतरवणं, धुणं, फोडणं, रोजचं ढवळणं, गाळणं, बाटल्या धुणं, भरणं, लेबलं चिकटवणं. घड्याळ लावून मोजलं तर २२ तास झाले. गावात त्या दिवसांत दिवसाची जी मजुरी चालते तिला आठ तासांनी भागा. समजा तासाला ७० रुपये आले. २२ तासांचे १५४०.

आता १२४० अधिक १२०० अधिक १५४० म्हणजे ३९८०. भागिले ३८. बाटलीमागे १०५ रुपये.

हा आकडा पहिल्यांदा निघाला तेव्हा मी वही मिटून ठेवली होती. साठ रुपयांना ३८ बाटल्या विकून २२८० येतात. त्यातून हातचा १२४० खर्च गेला की १०४० उरतात. रातांबे तसेच व्यापाऱ्याला दिले असते तर १२०० मिळाले असते. म्हणजे २२ तास राबून मी १६० रुपये कमी मिळवत होते, आणि वर पन्नासला द्यायलाही तयार होते.

"पण घरच्या कामाची मजुरी कशी धरायची?" हा प्रश्न मला प्रत्येक वाडीत विचारला जातो. मी लिज्जतचं उदाहरण देते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, हे आपल्याला माहीत असतं. पण त्या संस्थेत लाटणाऱ्या बहिणीला वणाई मिळते, म्हणजे लाटण्याची मजुरी, हे आपण लक्षात घेत नाही. पापड लाटणं हे घरोघरी फुकट होणारं काम होतं, आणि तिथे त्याचा दर ठरवला गेला. तुमच्या वहीतही तुमच्या नावापुढे वणाईचा रकाना पाहिजे. कुणाला तो हावरेपणा वाटला तर वाटू दे. उद्या ऑर्डर वाढली आणि शेजारच्या काकूंना मदतीला बोलावलंत, तर त्यांना पैसे कुठून देणार? ते किमतीत आजच धरलेले असायला हवेत.

खर्च म्हणजे किंमत नव्हे. १०५ वर नफा चढवा. पिंप फुटतं, अवकाळी पाऊस येतो, पुढच्या हंगामाच्या बाटल्या आगाऊ घ्याव्या लागतात, त्याची सोय यातूनच होते. २५ रुपये चढवले की १३०. ही तुमच्या हातात पडायला हवी अशी रक्कम. दुकानदार साधारण ३० टक्के ठेवणार असेल तर छापील किंमत १८५ च्या आसपास काढावी लागते. त्यातून त्याचे ५५ गेले की तुम्हाला १३० मिळतात. स्वतः विकतानाही १८५ लाच विका. तुम्ही टेबलावर १३० ला देऊ लागलात तर दुकानदार तुमचा माल पुन्हा ठेवणार नाही. शिवाय प्रदर्शनाचं भाडं, प्रवास, दिवसभर उभं राहणं हेही त्या ५५ मधूनच निघायचं असतं.

हिशेब करून आकडा बाजारात चालणारच नाही असा आला, तर तेही खरं मानून घ्या. तिथे भाव पाडून उपयोग नाही. खर्च कुठे कमी होतो ते बघा: बाटल्या चौघींनी मिळून घाऊक आणणं, रातांबे फोडायचा साधा कटर घेणं. किंवा ती वस्तू सोडा. मी फणसपोळी सोडली. आमच्या घरी तिला लागणारे तास कुठल्याच किमतीत बसेनात.

किंमत तोंडाने सांगणं

याचा खरोखर सराव करावा लागतो. घरातल्या कुणाला तरी समोर उभं करा आणि "केवढ्याला?" विचारायला लावा. "एकशे पंच्याऐंशी रुपये." एवढंच. त्यापुढे "पण", "म्हणजे", "तुमच्यासाठी" यांतलं काहीही येऊ द्यायचं नाही. किंमत सांगितल्यावर होणारी शांतता आपल्याला टोचते म्हणून आपण ती भरायला जातो, आणि भरताना दहा रुपये खाली येतो. गिऱ्हाईक तेव्हा बहुतेक वेळा मनात एवढाच विचार करत असतं की एक घ्यावी की दोन.

"महाग आहे" असं कुणी म्हटलं तर रागावू नका, सारवासारवही करू नका. मी म्हणते, "अर्ध्या लिटरच्या या बाटलीत सोलकढीचे साधारण तीस पेले होतात. छोटी हवी असेल तर पाव लिटरचीही आहे." पेल्यांचा आकडा स्वतः करून, मोजून मगच सांगा. कुणाला खरंच परवडत नसेल तर छोटी बाटली ही त्यांची सोय आहे, आणि तुमचा दर तसाच राहतो. पाव लिटरची बाटली अर्ध्या किमतीला मात्र विकू नका. झाकण, लेबल, भरायचा वेळ तेवढाच लागतो.

"गावात तर स्वस्त मिळतं," असं म्हणणारे भेटतातच. मिळतं, हे खरं आहे. "हो, मिळतं. माझं असं असं आहे," म्हणून यादीतली एक गोष्ट सांगा आणि थांबा. दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवू नका. कोकण लहान आहे, आणि ती दुसरी बाई कदाचित तुमच्याच मावशीची जाऊ असेल.

नातेवाईक हा सगळ्यात अवघड भाग. वहिनी म्हणतात, "आमच्याकडून काय पैसे घेणार?" मी एक नियम केला: भेट द्यायच्या बाटल्या हंगामाच्या सुरुवातीलाच मोजून बाजूला ठेवायच्या. माझ्या दहा असतात. त्या मी मनापासून देते, पैशाचं नावही काढत नाही. त्या संपल्यावर सगळ्यांना एकच दर, सख्ख्या भावालाही. पहिल्या वर्षी थोडी कुरबुर झाली. दुसऱ्या वर्षी त्याच वहिनींनी त्यांच्या इमारतीतून बारा बाटल्यांची ऑर्डर आणली.

दुकानदाराने "माल ठेवा, विकला की पैसे देतो" म्हटलं तर पहिल्यांदा सहाच बाटल्या ठेवा, कागदावर तारीख आणि सही घ्या, आणि महिनाभराने स्वतः जाऊन मोजा. एका दुकानात माझ्या चाळीस बाटल्या पडून होत्या. पैसे यायला वर्ष गेलं, पूर्ण आलेही नाहीत.

मालाबद्दल काय बोलायचं, काय नाही

"शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक, घरगुती चव." हे शब्द इतक्या पाकिटांवर आहेत की डोळा त्यावरून घसरून जातो. त्याऐवजी खरं काय ते सांगा. फळ कुठल्या गावचं, कधी उतरवलं, त्यात काय घातलं, काय नाही. माझ्या बाटलीवर लिहिलेलं असतं: "रातांबे आणि मीठ. रंग फळाचा. साखर नाही." आगळाचा तो गडद लाल रंग रातांब्याच्या सालीतच असतो. मी रंग घालत नाही म्हणून तसं लिहिते. तुम्ही घालत असाल तर लिहू नका.

वापर सांगणं तर त्याहून महत्त्वाचं. कोकणाबाहेरच्या माणसाला आगळ आणि कोकम सरबत यांतला फरक माहीत नसतो. सरबतासाठी लागतं ते अमृत कोकम, साखरेत मुरवलेलं. आगळ खारट असतं. एका पुणेकर काकांनी माझं आगळ सरबत समजून पेलाभर पाण्यात अर्धी वाटी ओतलं आणि तोंड वाकडं करून फोन केला. चूक त्यांची नव्हती, मी लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक बाटलीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधते: एका नारळाच्या दुधाला किती चमचे आगळ, लसूण-मिरचीचं वाटण किती, मीठ शेवटी चाखूनच घाला कारण आगळात ते आहेच, आणि कढी गरम करू नका, फाटते. या चिठ्ठीचा खर्च पन्नास पैसेही नाही. पण दुसऱ्यांदा येणारी निम्मी गिऱ्हाइकं सोलकढी जमली म्हणून येतात.

औषधी दावे करू नका, हे मी हात जोडून सांगते. कोकम पित्तावर चांगलं हे आपण घरात म्हणतो, आणि आजी पित्त उठल्यावर अंगाला आमसुलाचं पाणी लावते. ते घरात ठीक आहे. पण पाकिटावर "वजन घटवते", "साखर बरी करते" असं छापलंत तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अडचणीत येता. त्याहून वाईट म्हणजे, एखादं आजारी माणूस तुमच्या शब्दावर विसंबून गोळ्या बंद करू शकतं. आगळात मीठ भरपूर असतं. रक्तदाबाच्या माणसाला ते जपून घ्यायला सांगणंच प्रामाणिक आहे, आणि मी सांगते.

कागदपत्रं

यात घाबरण्यासारखं फारसं नाही. खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. लहान व्यवसायासाठी अर्ज साधा असतो आणि तो त्यांच्या फॉसकॉस संकेतस्थळावर भरता येतो. उलाढालीची मर्यादा आणि शुल्क तिथे ताजं बघून घ्या. मिळालेला १४ अंकी क्रमांक लेबलवर छापायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी पैसे मागणारा भेटला तर त्याला नकार द्या.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणात असलेला आधी), निव्वळ वजन किंवा माप, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच क्रमांक, सर्व करांसह छापील किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण हे सगळं हवं. पहिल्यांदा छापून घेण्याआधी माहीतगार माणसाला एकदा दाखवा. हजार लेबलं चुकीची छापून बसणं महाग पडतं.

आणखी एक, कारण याबद्दल गोंधळ फार आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, हापूसला २०१८ मध्ये. ही आपल्या मातीची ओळख आहे आणि तिचा अभिमान जरूर बाळगा. पण त्या मानांकनाचं चिन्ह पाकिटावर छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंद व्हावी लागते. ती नोंद चेन्नईच्या भौगोलिक उपदर्शन नोंदणी कार्यालयात होते, आणि ज्या संस्थेने मानांकन मिळवलं तिच्याकडून अर्जाला मदत मिळू शकते. बचत गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून हे काम काढलं तर हेलपाटे वाचतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकमाच्या कोकण अमृता आणि कोकण हातिस या जाती दिल्या आहेत. तुमची झाडं त्यांतली असतील तर तेही लिहिण्यासारखं आहे.

गिऱ्हाईक कुठे भेटतं

आपल्याकडे एक मोठी सोय आहे, चाकरमानी. मे महिन्यात आणि गणपतीला ते गावी येतात आणि जाताना पिशव्या भरून नेतात. मेमधला माल ताजा असतो, गणपतीपर्यंत आगळ छान मुरलेलं असतं. गणपतीच्या आठ दिवस आधी तुमच्या वाडीतल्या प्रत्येक चाकरमान्याच्या घरी एक छोटी बाटली, चिठ्ठीसकट, दाखवायला न्या. फुकट वाटू नका. गौरीच्या जेवणात त्या घरी सोलकढी होणार असेल तर त्या दिवसापुरतं आगळ घाला. पाहुणे तिथेच चाखतात आणि विचारतात, "हे कुणाकडचं?"

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना बाटली खिडकीजवळ, उजेडात ठेवा, मागे पांढरं कापड. सोबत काम करतानाचा एक फोटो हवाच: रसाने लाल झालेले हात, माचावर पसरलेली सोलं. लोकांना तेच बघायचं असतं. माझ्या अनुभवात नुसत्या बाटलीच्या फोटोवर कुणी फोन करत नाही, हातांच्या फोटोवर करतात. फोटोखाली किंमत लिहा. "दरासाठी मेसेज करा" असं लिहिलं की अर्धी माणसं परत जातात. दिवसाला पाच मेसेज धाडून कुणाला वैताग देऊ नका. हंगामात आठवड्याला दोन पुरेत: एकदा काम कुठवर आलं ते, एकदा माल किती उरला ते. उरलेला आकडा खरा सांगा.

बचत गटात असाल तर उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, तालुका कार्यालयात महालक्ष्मी सरस या प्रदर्शनाबद्दल आधीच विचारून ठेवा. तिथे राज्यभरातले गट येतात आणि दोन-चार दिवस शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं विकणं बघूनही खूप शिकता येतं. प्रदर्शनात बसू नका, उभ्या राहा. चव द्या, आणि चव घेणाऱ्याकडे टक लावून बघू नका. क्यूआर कोड टेबलावर चिकटवलेला असू द्या. दिवस संपला की किती विकलं यासोबत लोकांनी काय काय विचारलं तेही लिहून ठेवा. मला तीन प्रदर्शनांत मिळून अकरा जणांनी "मीठ कमी असलेलं मिळेल का?" असं विचारलं. अजून जमलेलं नाही, मीठ कमी केलं की टिकत नाही.

पार्सल पाठवायचं तर बाटलीच्या झाकणाखाली सील लावा, बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि मगच खोक्यात. आगळाचा डाग कशानेच जात नाही. गळलेल्या बाटलीचे पैसे मी न विचारता परत करते किंवा दुसरी पाठवते. ४० मागे दोन बाटल्यांची नासाडी हिशेबात धरलेलीच आहे, म्हणून ते करताना जड जात नाही.

प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, गाव, काय घेतलं आणि कधी, एवढं वहीत ठेवा. जूनमध्ये पाऊस लागला, पिंपं धुऊन उलटी घातली की ती वही घेऊन पडवीत बसा आणि एकेकाला फोन करा. काही विकायचं नसतं तेव्हाचा हा फोन असतो: "सोलकढी कशी झाली?" गेल्या वर्षी असाच फोन करताना त्या पहिल्या प्रदर्शनाच्या सोसायटीतल्या एका आजी बोलल्या. त्यांना टाचांना लावायला मुठेल हवं होतं, त्यांच्या आईच्या घरी असायचं तसं. मी सासूबाईंच्या पद्धतीने दोन किलो बियांचं करून पाठवलं. तास मोजले, दर काढला, फोनवर आकडा सांगितला आणि गप्प राहिले. "दोन गोळे पाठव गं," आजी म्हणाल्या. या वर्षी बियांची दोन पोती मी व्यापाऱ्याला दिलेली नाहीत.